मारुती ओम्नीचा मागचा अॅक्सल शाफ्ट गंजून जाम झाला आहे, हब पुलरनेही हलत नाही. नुकसान न करता तो कसा काढावा?

तुम्ही लिहिले आहे की तुमची जुनी ओम्नी मालवणला समुद्राजवळ बराच काळ उभी होती, रस्त्यावर काढल्यावर मागच्या उजव्या चाकातून घरघर येऊ लागली, त्या बाजूचा ड्रम कसाबसा निघाला, पण त्यामागचे ‘हब’ (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) पुलर, म्हणजे पायांनी पकडून स्क्रूने ओढणारे अवजार, लावूनही तसूभर हलले नाही. डाव्या बाजूचा तर ड्रमच सुटत नाही, आणि आता मेकॅनिक गॅस लावून घणाने काढू म्हणतो आहे. त्याला सध्या थांबवा. तुमच्याकडे जोर कमी पडलेला नाही, तो चुकीच्या ठिकाणी लागतो आहे.

ओम्नीच्या मागच्या चाकाला वेगळे हब नाही. ज्या गोल चकतीवर चाकाचे चार स्टड बसवलेले दिसतात, ती चकती आणि आत डिफरन्शियलपर्यंत (दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दातेरी चाकांच्या पेटीपर्यंत) जाणारा शाफ्ट हा एकच घडीव तुकडा आहे. पुलरचे पाय चकतीमागे अडकवून त्याचा स्क्रू शाफ्टच्या मधोमध टेकवला, तर आपण एकाच तुकड्याचे एक टोक ओढतो आणि दुसरे ढकलतो. स्वतःची शेंडी धरून स्वतःला वर उचलण्याचाच हा प्रकार. त्यातून फार तर चकती वाकेल. हा गोंधळ होतो, कारण आपल्याकडचा बहुतेक सल्ला मारुती 800 साठी दिलेला असतो. त्या गाडीची ओढ पुढच्या चाकांना आहे. मागे नुसता स्थिर खुंटा असतो, त्यावर बेअरिंगसह ड्रम बसतो आणि मधला नट काढला की तो बाहेर येतो. ओम्नीत मागची चाके ओढतात, म्हणून सगळी रचनाच निराळी आहे.

शाफ्टला धरून काय ठेवते, हे एकदा लक्षात घ्या. शाफ्टवर बेअरिंग बसलेले असते आणि त्याच्या आतल्या बाजूला एक पोलादी कॉलर प्रेसने घट्ट बसवलेली असते. चाक बाहेर जाऊ लागले की शाफ्टबरोबर कॉलर बेअरिंगला ढकलते, बेअरिंग ब्रेकच्या बॅक प्लेटवर (ड्रममागच्या न फिरणाऱ्या चकतीवर) रेलते आणि बॅक प्लेटला अॅक्सलच्या नळीवर चार नटांनी आवळलेले असते. म्हणजे ते चार नट काढल्यावर उरतो तो फक्त गंज: बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला नळीच्या तोंडात पकडून बसलेला. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे खाऱ्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीत ही पकड भलतीच आवळ होते.

काम सुरू करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. मागचे एक चाक उचलले आणि हँडब्रेक सोडला की गाडी गिअरमध्ये ठेवण्याला काहीच अर्थ उरत नाही, कारण डिफरन्शियलमुळे उचललेले चाक मोकळे फिरते आणि जमिनीवरचे चाक गाडीला सोडून देते. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा आणि अॅक्सलच्या नळीखाली मजबूत घोडी ठेवा. नुसत्या जॅकवर विसंबून ओढाताण करू नका. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये, अॅस्बेस्टॉस असू शकते.

आधी डावा ड्रम. तो दोन ठिकाणी अडकतो. झिजलेल्या ड्रमच्या आत कडेला एक उंचवटा तयार होतो आणि लायनर त्यामागे अडकतात. त्यासाठी हँडब्रेकच्या केबलचा ताण पूर्ण सोडावा, आणि बॅक प्लेटच्या मागे रबरी बूच असल्यास ते काढून त्या भोकातून लायनर मागे घेता येतात का ते पाहावे. दुसरी पकड मधल्या भोकाभोवतीच्या गंजाची असते. तिथे तारेच्या ब्रशने गंज खरवडून गंज सोडवणारे तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. ड्रमच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोके असतात, ती मातीने आणि गंजाने बुजलेली असतात म्हणून लक्षात येत नाहीत. ती साफ करून त्यात 8 मि.मी.चे दोन बोल्ट घाला आणि आलटून पालटून थोडे थोडे आवळा. मध्येच स्टडांच्या मधल्या सपाट भागावर हातोड्याचे नेमके ठोके द्या. कडेवर मारू नका. ड्रम बिडाचा असतो, कड उडते. उष्णता वापरायचीच तर ती इथे शोभते: सुमारे 60 मि.मी. व्यासाचे बिडाचे भोक 100 अंशांनी तापले की ते जेमतेम 0.07 मि.मी.ने मोठे होते, पण गंजाचा थर तडकायला तेवढे पुरते. मात्र त्याआधी ब्रेक क्लीनर मारलेला नसावा, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की विषारी वायू निघतो.

आता शाफ्ट. तो बॅक प्लेटसकट बाहेर येतो, म्हणून ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल आधी सोडवावी लागते. नळीचा छोटा नट साध्या पान्याने गोल होतो. त्याला बहुतेक सगळ्या बाजूंनी धरणारा ब्रेक पाइपचा पाना आणा आणि आदल्या दिवसापासून तिथेही तेल सोडत राहा. मग बॅक प्लेटमागचे चार नट काढा. बॅक प्लेट आणि अॅक्सलची नळी यांच्यामध्ये बहुधा सीलंट लावलेले असते, तेव्हा प्लेटभोवती लाकडी हातोड्याने हलके ठोकून ती चिकटलेली फट मोकळी करावी. त्या फटीत छिन्नी किंवा पहार घालून उचकटू नका. बॅक प्लेट पत्र्याची असते, ती वाकली की नंतर लायनर कधीच सरळ बसत नाहीत.

ओढण्यासाठी खरे अवजार म्हणजे स्लाईड हॅमर. तो चकतीवर बोल्टने बसवतात आणि दांड्यावरचे वजन झटक्याने बाहेर आणून ठोका देतात. तो मिळाला नाही, तर काढलेला ड्रमच कामाला येतो, आणि माझ्या मते कोकणातल्या एखाद्या लहान गॅरेजात हाच उपाय अधिक व्यवहार्य आहे. ड्रम उलटा करून, म्हणजे पोकळ बाजू बाहेर ठेवून, स्टडांवर चढवा. चाकाचे नट उलटे करून स्टडांच्या टोकाशी अशा बेताने लावा की त्यांचे सगळे आटे पकडीत राहतील, पण ड्रमला मागे-पुढे सरकायला थोडी जागा मिळेल. मग दोन्ही हातांनी ड्रम धरून झटक्याने स्वतःकडे ओढा. तो नटांवर आपटतो आणि प्रत्येक ठोका नेमका शाफ्टच्या अक्षात लागतो. सुरुवातीला काहीच घडत नाही. नंतर आवाज बदलतो, टणक ठणठणाटाऐवजी बोदा ठोका ऐकू येतो आणि नळीच्या तोंडाशी गंजाची लालसर भुकटी सांडू लागते. तिथून पुढे शाफ्ट सहसा हट्ट करत नाही. शाफ्टच्या टोकावर आतल्या दिशेने मात्र कधीही मारू नये, तो मार थेट डिफरन्शियलच्या आतल्या भागांना बसतो. खाली भांडे ठेवा, गिअर ऑइल सांडणारच.

बेअरिंग फुटून आतले कडे शाफ्टबरोबर आले आणि बाहेरचे नळीतच राहिले, तर घाबरू नका. वेल्डरकडून त्या कड्याच्या आतल्या पृष्ठभागावर गोलाकार वेल्डची एक रेघ मारून घ्या. वेल्ड थंड होताना आकसते आणि कडे सैल पडते. मागचे ऑइल सील (तेल अडवणारे रबरी कडे) जळेल, पण ते तसेही बदलायचेच आहे.

सर्वांत जपून करायचे काम कॉलरचे आहे. तिला ग्राइंडरने एका जागी खाच पाडा, शाफ्टला पाते लागण्याच्या थोडे आधी थांबा आणि उरलेला भाग छिन्नीच्या एका जोरदार घावाने तडकवा. ग्राइंडरचा ओरखडा शाफ्टवर उमटला, तर पुढे त्याच जागी तडा जाऊन शाफ्ट तुटू शकतो. गॅसने कॉलर लाल करून काढण्याची पद्धत मला पटत नाही, कारण शाफ्टला उष्णता देऊन आणलेली कठीणता त्यात बिघडते. बेअरिंग आणि नवी कॉलर लेथवाल्याकडे हायड्रॉलिक प्रेसवर बसवून घ्या आणि स्वतः समोर उभे राहा. कॉलर कमी दाबाने अलगद सरकत गेली, तर तिथेच काम थांबवून कॉलर आणि शाफ्टची जागा मोजायला सांगा. जुनी कॉलर पुन्हा वापरू नये, ती कितीही चांगली दिसली तरी. चालत्या गाडीतून शाफ्टसकट चाक बाहेर येण्यापासून तीच अडवते.

परत बसवताना नव्या ऑइल सीलच्या ओठाला ग्रीस लावा आणि शाफ्ट आत सरकवताना त्याचे दाते सीलवर घासू देऊ नका, शाफ्ट शेवटपर्यंत हाताने तोलून धरा. ओम्नीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले असले तरी 1984 पासून इतक्या व्हॅन रस्त्यावर आल्या आहेत की बेअरिंग, कॉलर आणि सील मिळायला अडचण येऊ नये. अॅक्सलवरचा ब्रीदर, म्हणजे आतला दाब बाहेर सोडणारे छोटे तोंड, बुजलेला नाही ना, हे जरूर तपासा. तो बंद असला की तापलेल्या तेलाचा दाब नव्या सीलमधूनही तेल बाहेर काढतो आणि लायनर पुन्हा भिजतात. गिअर ऑइल भरल्यावर ब्रेकमधली हवा काढा, आणि दोन्ही बाजूंचे काम झाल्यावर थोडे अंतर चालवून बॅक प्लेटच्या खालच्या कडेला तेलाचा ओला डाग दिसतो का ते पाहा.