कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर राहतात कशा? त्यांचा हिशेब लिहिणारीचं उत्तर

तुम्ही विचारलंय की कॅथलिक सिस्टर एकत्र राहतात म्हणजे नेमक्या कशा, दिवसभर करतात काय, आणि हल्ली त्यांच्या तोंडी ‘पृथ्वीची काळजी’ कुठून आली. मी ख्रिस्ती नाही. इंदूरच्या रामबागेत वाढले, टॅक्सची कामं करते. गेली चौदा वर्षं शहरातल्या एका छोट्या कॉन्व्हेंटचे, म्हणजे सिस्टर एकत्र राहतात त्या घराचे, हिशेब माझ्याकडे आहेत. त्यामुळे त्यांच्या प्रार्थनेबद्दल मला कमी कळतं, तेल-साबणाबद्दल जास्त. उत्तर त्याच बाजूनं देते.

आधी शब्दाचं बघू. आपण सरसकट ‘नन’ म्हणतो. चर्चच्या काटेकोर भाषेत नन म्हणजे मठाच्या भिंतींआड राहून प्रार्थनेला वाहून घेतलेली; शाळा, दवाखाना, खेडी सांभाळते ती सिस्टर. व्रतं दोघींची तीच: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पण ती पहिल्याच दिवशी कुणी देत नाही. निदान एक वर्ष उमेदवारीचं, मग साधारण तीन ते सहा वर्षं तात्पुरती व्रतं, आणि त्यानंतर कायमची. मधेच एखादी घरी परत गेली तर त्यात पळून जाण्यासारखं काही नसतं. एक मुलगी अशी गेली, आता तिच्या मुलीचे फोटो सगळ्यांना येतात.

आमच्याकडे (चौदा वर्षांनी तोंडून ‘आमच्याकडे’च येतं) गेल्या उन्हाळ्यापर्यंत सहा जणी होत्या. दोघी केरळच्या, दोघी झारखंडच्या, एक झाबुआची भिलाला आदिवासी, एक मंगळूरची. घरातली भाषा हिंदी, सहा तऱ्हांची. पहाटेची प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली रोजची उपासना), नाश्ता, मग ज्या त्या कामाला. संध्याकाळी पुन्हा प्रार्थना, जपमाळ, जेवण, आणि नंतर तासभर गप्पा किंवा कॅरम. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. पुस्तकात मिळणार नाही ती तेलाची गोष्ट. मी काम घेतलं त्या वर्षी किराण्याच्या बिलात तीन तेलं दिसली: खोबरेल, मोहरीचं आणि सोयाबीनचं. मी आपली शहाणपणानं म्हणाले, एकच घ्या, स्वस्त पडेल. सगळ्या एकदम गप्प. नंतर कळलं की या तेलावरून त्या घरात दोन महिने अबोला होता, आणि मोठ्या मिनतवारीनं पाळ्या ठरल्या होत्या: जिचा स्वयंपाकाचा आठवडा, तिचं तेल. बाहेरून आपल्याला वाटतं, देवाला वाहिलेल्या बायका, यांना कसले रुसवे? अहो, सहा सुना सासूशिवाय एका घरात नांदवून बघा. तीन तेलांचा विषय मी त्यानंतर कधी काढला नाही.

पैशाचं सांगते, कारण याबद्दल गैरसमज फार. सिस्टरचा पगार तिचा नसतो. तिच्या खात्यावर आला की संस्थेच्या सामायिक खात्यात जातो. स्वतःला काही हवं तर मागायचं. माझ्या फायलीत व्हाउचर आहेत: ‘चपला, १ जोड’, ‘चष्म्याची काडी’, ‘भावाच्या लग्नाला जाण्या-येण्याचं स्लीपर तिकीट’. पन्नाशीची, एम.एस्सी. झालेली, शाळेत जिला मुलं टरकून असतात अशी बाई चपलेसाठी सही करते, ते बघताना पहिली काही वर्षं मला कसंनुसं व्हायचं. त्यांना होत नाही म्हणतात. दोघीतिघींना होत असावं, असा माझा अंदाज आहे.

इथेच आयकर येतो. एकीचा पगार अनुदानित शाळेतून येतो. सरकारी पगार घेणाऱ्या सिस्टर आणि फादरांचा टीडीएस, म्हणजे पगारातूनच आधी कापला जाणारा कर, कापायचा का, यावर बरीच वर्षं खटला चालला. त्यांच्या बाजूचं म्हणणं असं की दारिद्र्याचं व्रत घेतलं की चर्चच्या कायद्यानं त्या माणसाचा ‘नागरी मृत्यू’ होतो, मग मेलेल्याला कसलं उत्पन्न? सुप्रीम कोर्टानं ७ नोव्हेंबर २०२४ला ते फेटाळलं. पगार ज्याच्या नावानं येतो त्याचा, पुढे तो कुणाला का देईना, कर कापायचाच. माझ्या धंद्याच्या बुद्धीला हे पटतं. आमच्या थोरल्या सिस्टर मात्र फॉर्म सोळा हातात धरून म्हणाल्या, ‘बघा दीदी, व्रत घेताना मेले, टॅक्ससाठी पुन्हा जिवंत झाले.’

कामाबद्दल थोडक्यात: शाळा, छोटा दवाखाना, वस्तीत बायकांचे बचतगट. पण मध्य प्रदेशात सिस्टरांचं काम म्हटलं की एक नाव घ्यावंच लागतं, राणी मारिया. मूळच्या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. १९९२पासून देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला होत्या. आदिवासी शेतकरी बियाण्यापासून लग्नापर्यंत सावकाराकडे अडकलेले. त्यांना बँक दाखवणं, सरकारी योजनांचे अर्ज भरून देणं, गट बांधणं हे त्यांचं काम. सावकारांचा धंदा बसला, तशी काहींना त्या खुपायला लागल्या. २५ फेब्रुवारी १९९५ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांदेखत, त्यांना भोसकून मारलं. वय ४१. मारेकरी समंदर सिंह याला २००२मध्ये तुरुंगात जाऊन राखी बांधली ती राणी मारियांच्या धाकट्या बहिणीनं, त्याही सिस्टरच. राणी मारियांच्या घरच्यांनी त्याच्या सुटकेसाठी अर्ज केले आणि २००६ला तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ला इथं इंदूरलाच चर्चनं राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं. संतपदाच्या आधीची ती पायरी. त्या दिवशी उदयनगरकडून आलेल्या बाया डोक्यावर पदर घेऊन शाळेच्या मैदानात बसल्या होत्या, हे मी पाहिलंय. राखीचं मला आजही झेपत नाही. माझ्या बहिणीला कुणी मारलं असतं तर मी बांधली नसती.

आता पृथ्वी. लोक म्हणतात पोपनी पृथ्वीच्या काळजीवर पत्र काढलं म्हणून हे सुरू झालं. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ २०१५चं, हे खरं. त्याचं नावच असिसीच्या संत फ्रान्सिसच्या आठशे वर्षांपूर्वीच्या स्तोत्रातून घेतलंय, ज्यात पाण्याला बहीण आणि सूर्याला भाऊ म्हटलंय. इंदूरचं लाल चर्चसुद्धा त्याच फ्रान्सिसच्या नावाचं. पण मला विचाराल तर त्या पत्रानं जुन्या सवयीला नाव दिलं, एवढंच. जिला चपलेसाठी सही करावी लागते ती बाई भाताची पेज ओतून देत नाही. आणि उदयनगरसारख्या गावात काम केलेलीला जमीन, पाणी, कर्ज हे वेगळे विषय वाटतच नाहीत. इंदूरच्या कचऱ्याचं कौतुक तुम्ही ऐकलं असेलच; ओला कचरा शहराच्या कडेच्या देवगुराडियाला जातो, तिथं त्याचा गॅस होतो. आमच्या दारात गाडीवाला रोज विचारतो, ‘सिस्टरजी, गीला कहाँ है?’ गीला मागच्या खड्ड्यात असतो.

त्या मागच्या अंगणात माझी एक चूक पुरलेली आहे, तीही सांगते. माळव्याची काळी माती पावसात चपलेला किलोकिलोनं चिकटते. मी सुचवलं, पेव्हर ब्लॉक बसवून टाका, कटकट मिटेल. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, मग पाणी विहिरीत कुठून मुरणार? नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सत्तर किलोमीटर उचलून आणतात, तेही नळाला एक दिवसाआड, आणि आपण आपल्या अंगणातलं घालवायचं? बैठक झाली, मी इस्टिमेट मांडलं, चार विरुद्ध दोन मतांनी ब्लॉक बसले. थोरल्या हरल्या. आषाढात एका रात्री पाण्याला जायला जागा उरली नाही, ते मागच्या दारानं कोठीच्या खोलीत शिरलं. खालच्या फळीवर माझ्याच तीन वर्षांच्या वह्या. दुसऱ्या दिवशी मी गेले तर व्हाउचरं कपड्यांच्या दोरीवर चिमट्यांनी वाळत होती, आणि थोरल्या सिस्टर एकेका पानावर फडकं ठेवून इस्त्री फिरवत होत्या. त्या विषयाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

हे सगळं गोड आहे असं समजू नका. आज्ञापालनाला वाईट बाजूही आहे. सुपीरियर, म्हणजे घराची प्रमुख सिस्टर, समजूतदार असली तर घर हसतं, नसली तर दाद कुणाकडे मागायची हा प्रश्नच. बदलीची चिठ्ठी येते आणि बारा वर्षं वस्तीत रमलेली बाई आठवड्यात दोन बॅगा घेऊन निघते. झाबुआची सिस्टर गेल्या उन्हाळ्यात अशीच बदलून गेली. तिनं लावलेल्या शेवग्याचा पाला केरळच्या दोघी अजून भाजीला तोडतात.

ब्लॉकचं पुढे काय झालं ते राहिलंच. दिवाळीच्या सुटीत सगळ्यांनी मिळून पहारीनं उखडले आणि भाजीच्या वाफ्यांना कडेनं लावले. माझ्या ताळेबंदात ते अजून ‘स्थावर सुधारणा’ म्हणून दिसतात, दरवर्षी थोडा घसारा लागतो. नवा ऑडिटर आला की विचारतो, मॅडम, ही मालमत्ता कुठं आहे? मी त्याला मेथीपाशी नेते.