उद्या घाट लागतोय

खानापूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे : "आम्ही चौघे मित्र दर जुलैत टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बघतो. सगळ्यात जास्त वाट बघतो ती माउंटन स्टेजची, म्हणजे शर्यत डोंगरातून जाते त्या दिवसाची. बातमीत त्याला 'पर्वतीय टप्पा' असं लिहिलेलं वाचलं, पण ते तोंडात बसत नाही. आमच्यातला एक घरी कन्नड बोलतो. तो म्हणतो, तुमच्या मराठीत याला शब्दच नाही. खरंच नाही का? आणि चढाला चढण म्हणायचं, तर उताराला उतरंड चालेल का?"

शब्द आहे. तुम्ही खानापुरात राहता, तेव्हा तो तुमच्या दारातूनच जातो म्हणा ना! लोंढ्यावरून अनमोडला जाताना जे लागतं, तेच फ्रान्समध्ये त्या सायकलवाल्यांना लागतं : घाट.

'पर्वतीय' मला का पटत नाही, ते आधी सांगतो. पर्वत म्हणजे डोंगराचा सगळा पसारा, आणि तोही दूरून बघितलेला. शर्यत काही पर्वतावर जात नाही, ती पर्वत ओलांडते. गालिबिए आणि तुर्माले या शर्यतीतल्या दोन गाजलेल्या जागा, त्यांच्या नावाआधी 'कोल' हा शब्द येतो. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ मान किंवा गळा. दोन शिखरांच्या मधली खोलगट जागा, जिथून पलीकडे उतरता येतं, ती म्हणजे कोल. गालिबिएवर रस्ता 2642 मीटरपर्यंत चढतो आणि तिथून पलीकडे वळतो, शिखरं दोन्ही बाजूंना वरच राहतात. तुर्माले 2115 मीटर, शर्यत तिथं पहिल्यांदा गेली 1910 साली. या जागांना शिखर म्हणणं चूक आणि पर्वत म्हणणं ढोबळ. त्या जागेला मराठीत खिंड म्हणतात आणि खिंडीतून डोंगर ओलांडणाऱ्या वाटेला घाट.

इथं एक गैरसमज आपल्याच भागात फार पसरलाय. भूगोलाच्या पुस्तकात 'पश्चिम घाट' म्हणजे डोंगररांग. मराठी माणसाच्या तोंडात मात्र डोंगर तो सह्याद्री, आणि घाट म्हणजे त्यातून जाणारी वाट. चोर्ला, आंबोली, तिलारी, अनमोड हे सगळे रस्ते आहेत, कुठल्याही डोंगराचं ते नाव नाही. गोऱ्या साहेबानं वाटेचं नाव उचलून डोंगराला लावलं आणि आपण ते शाळेत पाठ केलं. तरी एसटीत बसलेली म्हातारी अजून बरोबर बोलते. "घाट उतरला की उठव मला," असं ती शेजारणीला सांगते, तेव्हा तिच्या मनात रस्ताच असतो.

आता तुमच्या कन्नड मित्राकडे वळू, कारण खरी गंमत त्यांच्याकडेच आहे. संस्कृतातला 'घट्ट' म्हणजे नदीकाठची उतरायची जागा, पायऱ्या. प्राकृतातून मराठीत येताना जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला. सप्तचं सत्त होऊन सात झालं, हस्तचं हत्थ होऊन हात झाला, तसाच घट्टचा घाट. कन्नडनं मात्र घट्ट तसाच ठेवला. (आपल्या घट्ट दह्याचा याच्याशी संबंध जोडू नका.) त्या घट्टचे कन्नडमध्ये दोन अर्थ चालतात. एक डोंगराचा घाट, आणि दुसरा एखाद्या कामाचा किंवा काळाचा टप्पा. निर्णायक वेळ आली की कन्नड पेपरात 'निर्णायक घट्ट' असं छापून येतं. म्हणजे 'माउंटन' आणि 'स्टेज' हे दोन्ही शब्द तुमच्या मित्राच्या एकाच शब्दात बसलेत! मराठीत शब्द नाही असं त्यानं पुन्हा म्हटलं, तर त्याला सांगा, तुझा घट्ट आणि आमचा घाट सख्खे भाऊ आहेत, तुझ्याकडच्यानं अंगावर एक काम जास्त घेतलंय एवढंच.

नदीचा घाट आणि डोंगराचा घाट एकाच शब्दात कसे आले, हा प्रश्न मला लहानपणापासून पडायचा. मावशी सावंतवाडीला, म्हणून दर सुट्टीत आंबोली घाट ठरलेला. पाटणे फाटा मागे पडला की आई पिशवीतून लिंबू काढून माझ्या हातात द्यायची आणि म्हणायची, "घाट लागायच्या आत हुंगत बस." पुढे नरसोबाच्या वाडीला गेलो, तर तिथं कृष्णेच्या पायऱ्यांनाही घाट म्हणत होते. मी आईला विचारलं, इथं का लिंबू दिलं नाहीस? उत्तर मला फार उशिरा सापडलं, तेही व्हुएल्टामुळे, म्हणजे स्पेनच्या मोठ्या शर्यतीमुळे. स्पॅनिशमध्ये खिंडीला 'पुएर्तो' म्हणतात. माद्रिदजवळच्या पुएर्तो दे नावासेरादावरून ती शर्यत कितीदा तरी गेलीय. आणि पुएर्तोचा दुसरा अर्थ बंदर! पाण्यातून जमिनीवर यायची जागा आणि एका मुलखातून दुसऱ्या मुलखात उतरायची जागा, दोन्हींना एकच नाव. स्पेनच्या आणि आपल्या लोकांना एकमेकांशी न बोलता एकच गोष्ट दिसली, की घाट म्हणजे पार होण्याची जागा. हे कळलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

यातूनच एक बारीक फरक निघतो आणि तो पाळावा असं मला मनापासून वाटतं. घाटाला दोन टोकं असतात. बेळगावहून चोर्ला उतरलात की केरी, म्हणजे गोवा, हवा वेगळी, बोली वेगळी, भाताचा तांदूळ वेगळा. पण येळ्ळूरच्या राजहंसगडावर सायकल घेऊन गेलात, तर वर रस्ता संपतो आणि त्याच रस्त्यानं परत यावं लागतं. त्याला आपल्याकडे कुणी घाट म्हणत नाही. 'गडाचा चढ' म्हणतात. टूरमध्येही हे दोन प्रकार आहेत. गालिबिए हा घाट. आल्प द्युएझ हा गडाचा चढ : 21 वळणं, खालून वर उलट्या क्रमानं आकडे लावलेले, वळणावळणावर जुन्या विजेत्यांच्या नावांच्या पाट्या, आणि वर बर्फावरच्या खेळांचं गाव. शर्यत तिथं पहिल्यांदा 1952 साली गेली आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. तेव्हा मित्रांना सांगताना 'आज घाट आहे' आणि 'आज शेवट चढावर आहे' असा भेद केलात, तर ऐकणाऱ्याला शर्यतीचं अर्धं चित्र तिथंच कळतं. घाट असेल तर वर मागे पडलेला उतारावर परत गाठू शकतो. शेवटच चढावर असेल तर त्याला ती सोय नाही.

स्टेजला टप्पा हा शब्द रुळलाय, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण टप्पा म्हटलं की मला एसटीच्या तिकिटाचा 6 किलोमीटरचा टप्पा आठवतो, किंवा चेंडूचा. दिवसभर चालायचं, संध्याकाळी थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचं, अशा एका दिवसाच्या वाटचालीला मराठीत जुना, खणखणीत शब्द आहे : मजल. अरबीतल्या मंजिलपासून आलेला, आणि मंजिल म्हणजे वाहनावरून खाली उतरायची जागा. घराचा मजलाही त्यातलाच. टूरच्या 21 दिवसांचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही. मजल दरमजल करीत पॅरिसला जायचं! बातमीदारानं टप्पा लिहावा, सगळ्यांना कळतं. पण कुणी 'आज घाटाची मजल' असं लिहिलं, तर मी तो अंक जपून ठेवीन.

बाकीच्या शब्दांचंही थोडं सांगतो, कारण ते तुम्हाला लागतीलच. डोंगरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याचा मान टूरमध्ये 1933 पासून आहे, लाल ठिपक्यांची जर्सी 1975 ला आली. त्याचं मराठी कुणी घडवायला नको. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाचा माथा पहिल्यांदा गाठणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणतात, तोच किताब टूरमधल्या रिशार विरांक या फ्रेंच सायकलपटूला द्यावा. त्यानं तो मान सात वेळा मिळवला. चढांचे चौथ्यापासून पहिल्यापर्यंत वर्ग असतात आणि त्यावरचा, वर्गात न बसणारा चढ असतो, त्याला मी 'गणतीबाहेरचा' म्हणतो.

आणि एक शब्द मला फार जवळचा वाटतो. घाटात मागे राहिलेले जड अंगाचे, सपाटीवर वेगानं धावणारे गडी एकत्र येतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं म्हणून एकमेकांना धरून चालतात. हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नसतो, उद्या शर्यतीत असायला हवं एवढंच. फ्रेंच लोक त्या घोळक्याला ओतोब्यूस म्हणतात, म्हणजे बसगाडी. आपल्याकडे रात्रीची शेवटची, गावात वस्तीला राहणारी ती मुक्कामाची गाडी असते ना? सगळ्यांना गोळा करत, हळूहळू, पण पोचवते. टीव्हीवर तो घोळका दिसला की आमच्या घरात आता "मुक्कामाची गाडी आली" असंच म्हणतात, आणि विजेत्यापेक्षा तिच्यासाठी आम्ही जास्त वेळ बसतो.

आता मूळ प्रश्नावर येतो. तुम्ही नाम विचारलंत, पण मला वाटतं तुम्हाला हवं आहे क्रियापद. आदल्या रात्री मित्राला फोन करून तुम्ही काय सांगाल? 'उद्या पर्वतीय टप्पा आहे' असं कुणी सांगत नाही. 'उद्या घाटाचा टप्पा आहे' हे ठीक. पण मराठीत घाट असतो त्याहून जास्त तो 'लागतो'. वाटेत गाव लागतं, नदी लागते, घाट लागतो. हे जाणाऱ्याचं क्रियापद आहे, सायकलवर बसलेल्याचं. नकाशा बघणाऱ्याला घाट दिसतो, चालणाऱ्याला तो लागतो. त्यात वाट बघणं आहे, पोटात येणारा गोळा आहे, आईच्या पिशवीतलं लिंबू आहे. "उद्या घाट लागतोय" एवढ्या तीन शब्दांत तुमची अख्खी माउंटन स्टेज आली. तुमचा मित्र म्हणेल, "नाळी घट्ट ऐती." चौघांना एकच कळेल.

फ्रान्समध्ये संध्याकाळचे पाच-साडेपाच वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेआठ-नऊ. जेवणं उरकलेली असतात, बाहेर कौलांवर पाऊस, जांबोटी-कणकुंबीकडे तर तेव्हा दहा पावलांवरचं दिसत नाही. तिकडे मात्र लोक दोन-दोन दिवस आधी घाटात जागा धरून बसलेले, रस्त्यावर चुन्यासारख्या पांढऱ्या रंगानं आवडत्या गड्यांची नावं लिहिलेली. पायथ्याची पहिली पाटी दिसली की आमचे काका खुर्ची पुढे ओढतात आणि म्हणतात, "लागला की गा घाट." त्या घरात दुसरा कुठलाही शब्द कधी लागला नाही.

राहिली उतरंड. ती नको. उतरंड म्हणजे एकावर एक रचलेली मडकी, खाली मोठं, वर लहान. जुन्या घरात माजघराच्या कोपऱ्यात असायची. शब्दात 'उतर' ऐकू येतं म्हणून हल्ली लोक ती उतारासाठी वापरतात. उतार किंवा उतरण म्हणा. 'घाट उतरणे' तर आहेच. आपण घाटमाथ्यावरची माणसं, बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणून आपल्याला हे शब्द उलट्या क्रमानं भेटतात. सायकल घेऊन चोर्ल्याला निघालात तर जाताना उतरण, आणि चढण राहते ती घरी परतताना, केरीतला चहा पिऊन झाल्यावर.