बेळगाव जिल्ह्यातलं आजोबांचं मूळ शेत जुन्या नकाशावर कसं शोधायचं?

सुरुवात गावनकाशापासून करा आणि हातात सर्वे नंबर घेऊनच करा. नकाशावर शेतमालकाचं नाव नसतं, फक्त नंबर असतात. नंबर जुन्या उताऱ्यात, खरेदीखतात किंवा वाटणीपत्रात सापडतो. ४५/२ असं लिहिलेलं असेल तर नकाशावर ४५ शोधायचा, /२ हा हिस्सा फाळणीच्या, म्हणजे पोटहिस्से दाखवणाऱ्या नकाशात दिसतो. मग फेरफार नोंदी (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी) मागे मागे वाचत जा, वारसांची नावं तिथेच मिळतात. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, म्हणून जुनी दप्तरं बरीचशी मराठीत आहेत, त्याआधीची काही मोडीत, पुढची कन्नडमध्ये. गावाचं नाव दोन्ही भाषांत लिहून शोधा.

गावनकाशा साधारण १:७९२० प्रमाणाचा, म्हणजे १ इंचाला ६६० फूट. झेरॉक्समध्ये तो आक्रसतो, तेव्हा आधी माहितीचं एखादं अंतर मोजून पडताळा. गावच हिडकल धरणाखाली गेलं असेल तर सर्वे ऑफ इंडियाचे १ इंच = १ मैलाचे जुने नकाशे पाहा: बेळगाव, खानापूरसाठी नकाशा क्रमांक ४८ आय, निपाणी, चिकोडीसाठी ४७ एल. वाड्या, विहिरी, पायवाटा त्यांत फार छान दिसतात.

मात्र गाव संस्थानातलं असेल तर ही वाट पुरत नाही. रायबाग कोल्हापूरकडे होतं, बेळगावचं शहापूर सांगलीकडे. अशा गावांचे संस्थान विलीन होण्याआधीचे (सांगली १९४८, कोल्हापूर १९४९) कागद त्या त्या संस्थानाच्या दप्तरात शोधावे लागतात, कोल्हापूरचे तिथल्या पुरालेखागारात.