"17 नंबर फॉर्म भरा" म्हणाले, आता काय करू?

हा प्रश्न मला वर्षातून चारपाच वेळा तरी येतोच. मागे एक ताई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत), मुलगा 15 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअरवर, नववी पास झालेला. शाळा अनुदानित. दहावीचे वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणून शाळा म्हणाली 17 नंबर फॉर्म भरा, म्हणजे शाळेत न येता बाहेरून परीक्षा द्या. शिवाय कोणीतरी त्यांना सांगितलेलं की आरटीई (शिक्षण हक्क कायदा) 14 वर्षांपर्यंतच असतं, पुढे हक्क नाही. ताई मांडीवर प्लॅस्टिकची फाईल घट्ट धरून बसलेल्या, त्यात लॅमिनेट केलेलं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), त्यावर दिव्यांगत्व 70 टक्के.

आता बघा, आरटीई 6 ते 14 हे बरोबर आहे, पण दिव्यांगांसाठी 2016 चा वेगळा कायदा आहे, त्याच्या कलम 31 प्रमाणे 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षण, आणि जवळची शाळा की विशेष शाळा ते आपण निवडायचं, शाळेने नाही. कलम 16 तर सरळ म्हणतं की भेदभाव न करता प्रवेश द्या आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करा. 17 नंबर वाईट नाही हो, ज्याला स्वतःहून हवा त्याच्यासाठी, पण जिना आहे म्हणून मुलाला बाहेर काढणं ही काय सोय झाली?

मी एवढंच सांगितलं, तोंडी बोलू नका, वर्ग खाली आणा असा शाळेला लेखी अर्ज द्या, दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. क्लार्कने शिक्का मारायला नकार दिला, मग स्पीड पोस्टने पाठवला. खाली लिहिलेलं, नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. गंमत म्हणजे लेखी नकार कोणी देतच नाही. नाहीतर पुढे पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जायची तयारी होतीच.

आठवड्याभरात शाळेतल्या सरांचा फोन. माणूस वाईट नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की पोराचे हाल होतील. पाचवीचा वर्ग वर गेला, दहावी अ खाली आली, एक पैसा खर्च नाही. लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ यासाठीचा प्रस्ताव बोर्डाकडे शाळेमार्फतच जातो, तो सुरुवातीलाच द्यायला लावला, ऐन वेळी धावपळ होते.

बाथरूमचं दार अजून अरुंद आहे, व्हीलचेअर आत जात नाही. त्याचा अर्ज ताईंनी परवा स्वतःच लिहिला, मला फक्त फोटो पाठवला.