रस्त्यावरच्या शर्यतीचा खर्च कोण करतं?

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मुलगा अकरावीत आहे, एच-4 व्हिसावर, म्हणजे आमच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून. आमचं ग्रीन कार्ड अजून रांगेतच आहे. तो सायकल शर्यतींत उतरतो, यूएसए सायकलिंग या इथल्या राष्ट्रीय संघटनेच्या कॅटेगरी 3 पर्यंत पोचलाय (5 सर्वांत खालची, 1 सर्वांत वरची). आता म्हणतो, कॉलेजचं नंतर बघू, आधी क्रिटेरियमच्या, म्हणजे शहरातल्या रस्त्यांवर फेऱ्या मारायच्या शर्यतींच्या, एखाद्या टीममध्ये जातो. दिवसभर या टीमचं त्या टीमशी कसं वाजलं, याचेच व्हिडिओ बघतो. त्याचे बाबा सायकल विकायला निघालेत. या खेळाला अमेरिकेत भवितव्य आहे का?
– एक आई

उत्तर : ताई, आधी बाबांना थांबवा. कॅटेगरी 5 पासून 3 पर्यंत चढायचं तर पहाटे उठावं लागतं, मार खावा लागतो आणि गटात डोकं शांत ठेवावं लागतं. सतराव्या वर्षी एवढं कमावलेल्या मुलाची सायकल विकून तो अभ्यासाला बसेल, असं मला वाटत नाही.

पण ‘कॉलेज नंतर’ हे तुमच्या घरात चालणार नाही, आणि त्याचं कारण खेळात नाही, व्हिसात आहे. एच-4 वरच्या मुलाला नोकरी करता येत नाही. टीमने पगाराचा करार पुढे केला तरी त्याला सही करता येणार नाही. एकविसावं पूर्ण झालं की आईवडिलांच्या आधारावरचा हा व्हिसा संपतो. तेव्हा बहुतेक मुलं एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जातात, आणि त्यासाठी शिक्षणसंस्थेत प्रवेश लागतो. एफ-1 वरही परवानगीशिवाय बाहेर काम करता येत नाही. बक्षिसाच्या पैशांचं काय करायचं, हे इमिग्रेशन वकिलाला विचारा, टीममधल्या मित्राला नको.

आता खेळाकडे येते. क्रिटेरियम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शहराच्या मध्यवस्तीतले रस्ते बंद करायचे, किलोमीटर-दीड किलोमीटरचा वेढा आखायचा आणि त्यावर तास-दीड तास फेऱ्या मारायच्या. मध्येच घंटा वाजते आणि त्या फेरीला रोख बक्षीस लागतं, त्याला ‘प्रीम’ म्हणतात. प्रेक्षक हाताच्या अंतरावर उभे. ओक्लाहोमातल्या टुल्सा शहरात होणाऱ्या ‘टुल्सा टफ’ शर्यतींच्या रविवारी ‘क्रायबेबी हिल’ या चढावर जो दंगा चालतो, तो पाहिला की तुमचा मुलगा का वेडा झालाय ते कळतं.

त्याच्या व्हिडिओंतली भांडणं खोटी नाहीत. लॉस एंजेलिसच्या जस्टिन आणि कोरी विल्यम्स या भावांनी 2019 मध्ये ‘लीजन’ ही टीम काढली. बहुतांशी गोऱ्यांच्या या खेळात त्यांनी कृष्णवर्णीय खेळाडूंना ठळकपणे पुढे आणलं आणि निकालाइतकंच खेळाडूच्या व्यक्तिमत्त्वालाही महत्त्व दिलं. त्यांची बेस्ट बडीज टीमशी चुरस पेटली. 2022 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या विन्स्टन-सेलमच्या शर्यतीत प्रकरण हातघाईवर गेलं आणि यूएसए सायकलिंगने निलंबनाची कारवाई केली. तरुण पोरांना हेच आवडणार, त्यात नवल नाही.

मात्र त्याला थोडं मागचंही दाखवा. 1981 मध्ये सुरू झालेल्या सेव्हन-इलेव्हन टीमच्या डेव्हिस फिनीने अशाच शर्यतींत स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या क्षणी सुसाट सुटणारा खेळाडू, म्हणून नाव कमावलं. ती टीम 1986 मध्ये टूर द फ्रान्सला गेली आणि फिनीने तिथे एक टप्पा जिंकला. तेव्हा क्रिटेरियममधून युरोपची वाट जात होती. आज बहुतेक अमेरिकी क्रिटेरियम यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या कॅलेंडरबाहेर आहेत. तिथे जिंकून जागतिक क्रमवारीचे गुण मिळत नाहीत. मुलाला युरोपात जायचंय की टुल्सातच राजा व्हायचंय, हे त्याला विचारा. या दोन वाटांची तयारी वेगळी आहे.

तुमचा खरा प्रश्न भवितव्याचा. माझं मत असं की चुरस गर्दी जमवते, पण पगार देत नाही. रस्त्याला तिकीट नसतं आणि टीव्हीचे पैसे नगण्य. आपल्या दहीहंडीसारखंच आहे : थर लावणारे वेगळे, गर्दी फुकट, आणि खर्च बॅनरवर नाव असलेल्याचा. पोलीस, बॅरिकेड, विमा, रुग्णवाहिका यांचं बिल कोणीतरी भरतं म्हणून शर्यत होते. हे बिल गावातले व्यापारी आणि स्थानिक प्रायोजक भरतात, तिथे शर्यती टिकतात. न्यू जर्सीतल्या सॉमरव्हिलची शर्यत 1940 पासूनची, जॉर्जियातली अथेन्स ट्वायलाइट 1980 पासूनची, टुल्सा टफ 2006 पासूनची. उलट नॅशनल सायकलिंग लीग 2023 मध्ये दहा लाख डॉलरच्या बक्षिसांची घोषणा करत आली, शहरांच्या नावाच्या टीम, स्त्री-पुरुष एकत्र गुण, सगळं आकर्षक होतं. पुढच्याच वर्षी हंगाम रद्द झाला. विस्कॉन्सिनची सुपरवीक ही शर्यतमालिका कित्येक दशकं चालून बंद पडली, पण त्याच राज्यात 2009 पासून टूर ऑफ अमेरिकाज डेअरीलँड सुरू आहे. म्हणजे खेळ मरणार नाही. टीम मात्र येतील आणि जातील, प्रायोजक गेला की वर्षअखेरीला गणवेश बदलेल. शिवाय प्रायोजक हल्ली ग्रॅव्हलकडे, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतींकडे, वळलेत. लाइफ टाइम ग्रां प्री ही त्यातली मालिका 2022 मध्ये अडीच लाख डॉलर बक्षिसं घेऊन उभी राहिली.

अशा व्यवसायात पदवी हाताशी असलेला माणूसच तग धरतो. सुदैवाने इथे दोन्ही एकत्र जमतं. सायकलिंग एनसीएए या कॉलेज खेळांच्या मुख्य संघटनेच्या यादीत नाही, पण यूएसए सायकलिंगच्या कॉलेज शर्यती आहेत आणि काही कॉलेजांत प्रशिक्षक आणि शिष्यवृत्तीसह टीम आहेत : इंडियानापोलिसची मॅरियन युनिव्हर्सिटी, ग्रँड जंक्शनची कोलोराडो मेसा, ड्युरँगोचं फोर्ट लुईस कॉलेज, टेनेसीची मिलिगन. मॅरियन तुमच्याकडून मोटारीने एका दिवसात बघून होईल. प्रशिक्षकाला मुलानेच ईमेल लिहावा, निकालांसकट. तुम्ही लिहिलात तर उलटा परिणाम होतो. व्हिसाधारक विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती किती आणि फी कोणत्या दराने, हे मात्र तुम्ही स्वतः विचारा.

विषय निवडताना व्यायामशास्त्र, क्रीडा व्यवस्थापन, यांत्रिकी याकडे बघायला हरकत नाही. शर्यतीचं आयोजन, प्रशिक्षण, टायमिंग, सायकलची रचना, यांतली माणसं स्वतः शर्यत थांबल्यावरही या खेळात पोट भरतात. आणि पासपोर्ट भारतीय असेल तर अमेरिकेच्या राष्ट्रीय संघात त्याला जागा नाही, भारताच्या संघाची वाट मात्र उघडी आहे. जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही यूसीआय दर्जाची शर्यत झाली, तेव्हा इकडे काय चाललंय याचीही त्याने माहिती ठेवावी.

एक काम जुलैत करा. शिकागो ग्रिट (पूर्वीचा इंटेलिजेन्शिया कप) ही क्रिटेरियमची मालिका तुमच्या परिसरातच दहा दिवस चालते. त्यात बाहेरगावचे खेळाडू हॉटेलचा खर्च वाचवायला स्थानिक कुटुंबांकडे उतरतात. दोघांना जागा द्या. पोळीभाजी खायला घाला आणि बाबांनाच विचारू द्या : टीम काय देते, बक्षीस सहकाऱ्यांत कसं वाटलं जातं, उरलेल्या वर्षात कुठली नोकरी. मुलगा बाजूला बसलेला असू द्या. तुम्ही महिनाभर समजावून जे पटणार नाही, ते त्याच्या लाडक्या स्प्रिंटरने भात कालवता कालवता सांगितलं तर पटेल. कदाचित उलटही होईल आणि बाबांनाच हा खेळ आवडेल.

तोवर घरच्या आरोग्य विम्याची कागदपत्रं काढून ठेवा. या शर्यतींत गळपट्टीचं हाड (कॉलरबोन) मोडणं नित्याचं आहे. शस्त्रक्रियेत आपल्या खिशातून किती जाईल, तो आकडा हंगाम सुरू होण्याआधी मुलालाही सांगा.