वय की काम?

प्रश्न: 3 वसाहतींतल्या कामकरी मधमाश्यांच्या मेंदूचे आरएनए नमुने (यावरून कोणतं जनुक किती सक्रिय आहे ते कळतं) वयाच्या 1, 5, 10, 15 आणि 20 व्या दिवशी घेतले. वयानुसार कोणती जनुकं बदलतात ते शोधायला दिवसांची जोडीजोडीने तुलना करू का?

उत्तर: नको. 10 जोड्या होतील, आणि हळूहळू चढणारं जनुक निसटू शकतं. डीसेक-2 (DESeq2, जनुकांच्या आकड्यांची तुलना करणारं सॉफ्टवेअर) मध्ये ‘वसाहत + दिवस’ हे पूर्ण आणि नुसतं ‘वसाहत’ हे छोटं मॉडेल घेऊन लाइकलीहूड रेशो चाचणी लावा, म्हणजे ‘दिवस’ घातल्याने मॉडेल आकड्यांशी जास्त जुळतं का ते कळेल. आकडे कच्चेच द्या, टीपीएम (जनुकाची लांबी आणि नमुन्याचा आकार धरून बदललेले आकडे) नको. निकालातलं पी-मूल्य सगळ्या दिवसांचं असतं, शेजारचा फोल्ड चेंज (किती पट बदल) मात्र एकाच जोडीचा. इथे हमखास फसगत होते.

खरी मेख पुढेच आहे. वयाबरोबर दाई माशी (पोळ्यात पिल्लं सांभाळणारी) मकरंद गोळा करायला बाहेर पडते, म्हणजे वय आणि काम एकमेकांत मिसळतं. त्यासाठी एकाच वयाच्या माश्यांची वसाहत करा. काही जणी लवकर बाहेर पडतील, त्यांची तुलना समवयस्क दायांशी करा. नमुने ठरलेल्या तासालाच गोठवा, नाहीतर दिनचक्राची (दिवसाच्या वेळेनुसार कमी-जास्त होणारी) जनुकं घोळ घालतील.