वीज परत आली, फ्रीझर मात्र बंदच राहिला: भरपाई मागता येईल का?

प्रश्न : मी रत्नागिरीजवळ राहते. पती नाहीत. हापूसचा रस काढून, गोठवून वर्षभर विकते, त्यावरच घर चालतं. डीप फ्रीझर किती वीज खातो हे कळावं म्हणून एप्रिलमध्ये ऑनलाइन १,१५० रुपयांचा स्मार्ट प्लग घेतला, म्हणजे वीज मोजणारा आणि फोनमधल्या अ‍ॅपवरून चालू-बंद होणारा प्लग. मे महिन्यात एका शुक्रवारी लग्नासाठी चिपळूणला गेले. त्या रात्री वादळात वीज गेली आणि पहाटे आली, पण प्लग बंदच राहिला. फोनवर सूचनाही आली नाही. सोमवारी संध्याकाळी परतले तेव्हा १४० किलो रस आंबून गेला होता. कंपनी म्हणते, प्लगमध्ये दोष नाही, सेटिंग तुम्ही करायला हवं होतं. शिवाय तुम्ही व्यावसायिक ग्राहक आहात आणि आमची जबाबदारी प्लगच्या किमतीपुरतीच आहे. माझा माल ५६,००० रुपयांचा होता आणि ऑर्डरी बुडाल्या त्या वेगळ्या. मी काय करू? आणि पुन्हा कोणता प्लग घ्यावा?

उत्तर : ताई, आधी एक काम करा. तो प्लग काढून पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. उघडू नका, रीसेट करू नका आणि अ‍ॅपमधून काढूनही टाकू नका. बऱ्याच अ‍ॅपमध्ये उपकरण काढलं की त्याची जुनी नोंदही जाते, आणि तुमची केस त्या नोंदीवरच उभी राहणार आहे.

तुम्ही पाठवलेल्या अ‍ॅपच्या स्क्रीनशॉटवर मी बराच वेळ थांबलो. शुक्रवारी रात्री ११.४० पर्यंत वीजवापराची रेघ वरखाली होताना दिसते, मग काहीच नाही. पहाटे ३.५५ ला प्लग पुन्हा 'ऑनलाइन' झालेला दिसतो आणि तिथून सोमवारपर्यंत वापर शून्य वॅट. म्हणजे सव्वाचार तासांनी घरात वीज आली होती, वायफायही सुरू झालं होतं. पुढचे अडीच दिवस फ्रीझरला वीज मिळाली नाही ती प्लगनं अडवली म्हणून. कंपनीचा वकील पहिला बचाव 'माल वीज गेल्यामुळे नासला' असाच घेईल. पण गच्च भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता साधारण ४८ तास थंडी धरतो. सव्वाचार तासांत १४० किलो गोठलेला रस आंबत नाही. वीज कधी गेली नि कधी आली याची फीडरची, म्हणजे तुमच्या भागाला वीज देणाऱ्या वाहिनीची, नोंद सरकारी वीज कंपनीकडं माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात, उत्तराची मुदत ३० दिवस. ती वेळ आणि अ‍ॅपमधली वेळ जुळली की हा बचाव टिकणार नाही.

आता 'प्लगमध्ये दोष नाही' हे म्हणणं. प्लग बिघडला नव्हता हे कदाचित खरंही असेल. अशा प्लगच्या आत रिले असतो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा स्विच. वीज परत आल्यावर त्यानं चालू व्हायचं, बंद राहायचं की आधीच्या स्थितीत जायचं हे सेटिंगवर ठरतं. तुमच्या प्लगला ते कारखान्यातूनच 'बंद' असं होतं. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ फक्त बिघाडापाशी थांबत नाही. नुकसान टळावं यासाठी वापराच्या पुरेशा सूचना किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नसेल, तरी कलम ८४ नुसार उत्पादक जबाबदार ठरतो. खोक्यावर फ्रीजचं चित्र छापायचं आणि वीज गेल्यावर प्लग बंद राहील हे कुठंच सांगायचं नाही, हा माझ्या मते सूचनेतला स्पष्ट कसूर आहे. तक्रारीत यावरच जोर द्या. 'प्लग खराब निघाला' असं लिहू नका. तसं लिहिलंत तर कलम ३८ खाली प्लग प्रयोगशाळेत जाऊ शकतो, तपासणीचा खर्च तुम्हाला भरावा लागू शकतो आणि अहवाल 'प्लग ठीक आहे' असा येईल.

खोका आणि आतलं पत्रक जपून ठेवा. कंपनीच्या संकेतस्थळावर तपशीलवार माहितीपुस्तिका असेल तर तीही आज उतरवून घ्या. हे सेटिंग तिथं समजावलेलं असेल तर समोरची बाजू तेच दाखवेल. त्यावर आपलं म्हणणं असं की खरेदी करणाऱ्याच्या हातात जे पत्रक पडलं त्यात ते नव्हतं. 'अ‍ॅपवर शून्य दिसत होतं, पाहिलं का नाही?' असंही विचारतील. फोनवर सूचना आली नव्हती हे तुम्ही लिहिलंय, ते प्रतिज्ञापत्रात घ्या.

'व्यावसायिक ग्राहक' या मुद्द्यानं घाबरू नका. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरत नाहीत, हे कलम २(७) च्या स्पष्टीकरणातच आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात सांगितलंय की मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून स्वयंरोजगार संपत नाही. हंगामात जाऊबाई आणि एक बाई हाताशी असतात, ते लपवू नका. अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी असेल तर प्रत जोडा. नसेल तर ती आधी करून घ्या, कारण हा प्रश्न सुनावणीत नक्की निघेल.

पैशाच्या बाबतीत मात्र तुम्हाला न आवडणारं सांगावं लागतंय. बुडालेल्या ऑर्डरींचा नफा उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे वस्तूमुळे झालेल्या हानीच्या, दाव्यात मागू नका. कलम २(२२) मध्ये 'हानी'ची व्याख्या आहे. तिच्यात इतर मालमत्तेचं नुकसान येतं, व्यापारी किंवा आर्थिक तोटा स्पष्ट शब्दांत वगळलाय. म्हणून नासलेला रस ही तुमची मालमत्ता, तिची ५६,००० ही किंमत मागा. त्याच्या जोडीला मालमत्तेच्या नुकसानीमुळे झालेला मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च. ५६,००० चा हिशोब आंब्याच्या पावत्या, बँकेतल्या नोंदी आणि डब्यांची संख्या यांवरून बसवा. रस तुम्ही आंब्याच्या कलमांच्या बुडाशी पुरलात, पण त्याआधी पुतण्यानं व्हिडिओ काढला हे फार बरं झालं. त्या वेळी हजर असलेल्या शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या.

'जबाबदारी किमतीपुरतीच' ही अट खोक्याच्या आत, खरेदीनंतर हाती आलेल्या कागदावर आहे. तुम्ही ती वाचून सही केलेली नाही, तेव्हा ती तुम्हाला बांधत नाही असाच युक्तिवाद करायचा. अनुचित करार म्हणून अट रद्द ठरवून घ्यायची तर राज्य ग्राहक आयोगाकडं जावं लागतं. तुमच्या रकमेसाठी मी तो रस्ता सुचवणार नाही.

तक्रार रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच होईल. ग्राहक राहतो तिथं दाद मागता येते. आयोगाचा अधिकार वस्तूच्या किमतीवर ठरतो आणि ५ लाखांपर्यंतच्या किमतीला फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आधी नोटीस पाठवा. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता असतो, तो घ्या. विक्रेत्याचा पत्ता ऑनलाइन बाजारपेठेकडं लेखी मागा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच देऊन महिन्याभरात निवारण करायचं असतं. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार टाका, काही कंपन्या तिथंच नमतं घेतात. अ‍ॅपच्या छापील नोंदींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. त्याचा एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं.

पुन्हा कोणता प्लग घ्यावा, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. फ्रीझरच्या वाटेत रिलेच नको, असं मला वाटतं. तारेभोवती चिमट्यासारखं बसणारं वीजमापक मिळतं. ते फक्त मोजतं, त्याला काही बंद करता येत नाही. ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. प्लगच हवा असेल तर १६ अँपिअरचा घ्या, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. त्याचं बाजूचं बटण कुलूपबंद करता यायला हवं, झाडू लागूनही ते दाबलं जातं. आवाजी सहायकाच्या 'सगळं बंद कर' गटातून त्याला वगळा. वीज आल्यावरचं सेटिंग 'चालू' ठेवा आणि माल भरण्याआधी स्वतः तपासा. भिंतीवरचं बटण बंद करायचं, तीस अंक मोजायचे, पुन्हा चालू करायचं. फोनला हात न लावता फ्रीझरची घरघर ऐकू आली, तरच त्यात रस ठेवा.